‘नो रिफंड’ लिहिलं की डोमेन विकणारा सुटतो का?

तुमचा प्रश्न असा: रिसेलर म्हणून, म्हणजे दुसऱ्या कंपनीमार्फत, डोमेन (वेबसाइटचं नाव) विकतो, साइटवर ‘नो रिफंड’ लिहिलंय, तरी ग्राहक कायदा लागू होतो का? होतो. उलट त्या ओळीच्या भरवशावर राहून लोक बाकीची कामं करत नाहीत आणि तिथेच अडकतात.

‘रजिस्टर झालेलं नाव परत घेता येत नाही’ असं विकणारे सांगतात, ते तर मुळातच खोटं. डॉट कॉमसारख्या नावांना पहिले 5 दिवस ॲड ग्रेस पिरियड, म्हणजे नवी नोंदणी रद्द करायची सवलतीची मुदत, असतो. त्यात नाव डिलीट केलं की रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या नावांची मूळ यादी सांभाळणारी संस्था) रजिस्ट्रारला (नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीला) पैसे परत जमा करते. त्यावर मर्यादा आहे, पण ती महिन्याला 50 नावं किंवा नव्या नोंदणीच्या 10 टक्के, यातला मोठा आकडा. स्पेलिंग चुकलेलं एखादं नाव त्यात सहज बसतं. दुसऱ्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला नियमाचं कारण देऊ नका.

अडचण सहाव्या दिवसापासून. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत रद्द करता येते. हा हक्क आधी सांगितलाच नसेल तर मुदत आणखी 12 महिने वाढते. म्हणून ‘सेवा लगेच सुरू करा’ अशी वेगळी संमती चेकआउटवरच घ्या. ती असेल तर झालेल्या दिवसांचे पैसे मागता येतात, नसेल तर काहीच नाही. आणि प्रायव्हसी (मालकाची माहिती लपवण्याची सेवा), ईमेल अशा जोडसेवांचे बॉक्स आधीच टिक करून ठेवू नका. त्या टिकच्या जोरावर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात.

पण खरी भांडणं रिन्यूअलची. आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे मुदत संपायच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, आणि तरीही रिन्यू झालं नाही तर संपल्यावर 5 दिवसांत, अशा सूचना जायलाच हव्यात. रिन्यूअल आणि रिडेम्प्शनचे (डिलीट झालेलं नाव सोडवण्याचे) दरही साइटवर दिसले पाहिजेत. डिलीट झाल्यावर 30 दिवस नाव सोडवता येतं, पण भरमसाट शुल्क भरून. मग ग्राहक म्हणतो, ‘मला मेल आलाच नाही.’ पाहावं तर रजिस्ट्रंटच्या (नावाच्या नोंदणीकृत मालकाच्या) रकान्यात रिसेलरचाच ईमेल! सूचना गेली, ती तुम्हालाच. ग्राहकाला कळवल्याचा पुरावा शून्य.

वेबसाइट बनवणारे कित्येक जण ‘सोयीसाठी’ म्हणून गिऱ्हाइकाचं डोमेन स्वतःच्या नावावर घेतात. ही सोय नाही, ओलीस ठेवणं आहे. रजिस्ट्रंट म्हणून ग्राहकाचं नाव, ईमेल, फोन टाका, मेलचा लॉग जपून ठेवा. ट्रान्सफरचा ऑथ कोड (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा पासवर्डसारखा कोड) मागितला तर 5 दिवसांत मिळालाच पाहिजे. डिझाइनचं बिल थकलंय म्हणून तो अडवता येत नाही. ते बिल वेगळं वसूल करा.

एक मात्र आहे: धंद्यासाठी नाव घेणारा बऱ्याच देशांत ‘ग्राहक’ ठरत नाही, तिथे करारच चालतो. देशांच्या डोमेनना, म्हणजे सीसीटीएलडींना, आयकॅनच्या या मुदती लागू नाहीत. त्या त्या रजिस्ट्रीचे नियम वाचा.