वाचकांचे प्रश्न : जर्मनीतल्या पदव्या

प्रश्न : मुलगा व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजात मेकॅनिकल बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीत कुठे एम.एस्सी. दिसते, कुठे एम.एंग. (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग); कुठे युनिव्हर्सिटी, कुठे होखशूले. यात वरचढ काय? शिवाय तिकडे १८० क्रेडिट मागतात आणि त्याचे १६०च भरतात. — एक पालक, खानापूर

उत्तर : दोन्ही मास्टर पदव्या कायद्याने समान आहेत, दोन्हींवर पीएच.डी.ला अर्ज करता येतो. फरक शिकवण्यात आहे. युनिव्हर्सिटीत गणित, सिद्धान्त आणि संशोधनावर भर असतो. उपयोजित विज्ञानांच्या होखशूलेत (जुनं नाव फाखहोखशूले) प्राध्यापकालाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो आणि प्रबंध बऱ्याचदा कंपनीत होतो. एम.एंग. मुख्यतः तिथलीच. कारखान्यात रमणाऱ्या मुलाने ती बिनधास्त घ्यावी. संशोधनाकडे जायचं असेल तर मात्र युनिव्हर्सिटी बरी, कारण डॉक्टरेट देण्याचा अधिकार मोजक्याच होखशूलेंना आहे.

आता १६०ची काळजी. घाबरून अर्जच न करणारी मुलं असतात, म्हणून हे नीट समजून घ्या. युरोपीय क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तासांचं काम, वर्षाला ६०. आपल्याकडचं क्रेडिट आठवड्याच्या तासिकांवर बेतलेलं. त्यामुळे चार वर्षांची बी.ई. साधारण २४० धरली जाते. अंतिम निर्णय त्या विद्यापीठाचा. फॉर्मवर स्वतः गुणाकार करून आकडा लिहू नये. मार्क्स कार्डावर आहे तेच द्यावं आणि विद्यापीठाचा अधिकृत सिलॅबस जोडावा. गणित किती, थर्मोडायनॅमिक्स किती, हे विषयवार तपासतात आणि बरेच अर्ज तिथेच अडकतात.

आपले गुण जर्मन श्रेणीत बदलण्याचं सूत्र असं : कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १०, उत्तीर्ण ४ आणि सीजीपीए ८.२ असेल तर १.९. आकडा जितका लहान तितका चांगला.

एपीएस प्रमाणपत्राचा (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचा) अर्ज लवकर करा. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचं काम पुढे जात नाही.

प्रश्न : माझी बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. चालेल का? — एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : पुष्कळ ठिकाणी चालते, पण अभ्यासक्रम पारखून निवडा. बॅचलर आणि मास्टर मिळून ३०० क्रेडिट व्हावे लागतात. तुमचे १८० धरले तर चार सेमिस्टरची, १२० क्रेडिटची मास्टर जुळते. तीन सेमिस्टरच्या मास्टरला आधीचे २१० लागतात. उरलेले ३० काही विद्यापीठं तिथे भरून घेतात, काही अर्जच नाकारतात. 'वायटरबिल्डेंड' (नोकरी करणाऱ्यांच्या पुढच्या शिक्षणासाठीचा) असा उल्लेख दिसला तर थांबा : त्या मास्टरला नोकरीचा अनुभव आणि बहुधा मोठी फी लागते. एरवी सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र आपल्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात.

प्रश्न : मुलगी पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. तिकडे एमबीबीएस होईल? — एक आई, चिकोडी

उत्तर : तिथे वैद्यकीय शिक्षणाला बॅचलर-मास्टर नाही, सहा वर्षं तीन महिन्यांनी 'श्टाट्सएक्झामेन' ही सरकारी परीक्षा असते. शिक्षण जर्मनमधून. पीयूसीवर सहसा थेट प्रवेश नाही. आधी श्टूडिएनकोलेग (परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा प्रवेशपूर्व अभ्यासक्रम) करून तिथली परीक्षा द्यावी लागते. भारतात परतून डॉक्टरकी करायची असेल तर हे आधी पाहा : परदेशी पदवीचं माध्यम इंग्रजी असावं, अशी अट आपल्या वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांत आहे.