उत्तर: स्ट्रोकनंतर गेलेली भाषा, घरचा सराव आणि कोंकणी-मराठीचा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला राहणारे बाबा, वय ६४, स्ट्रोकला तीन महिने झाले, उजवा हात अधू. बोललेलं बरंचसं कळतं, पण तोंडातून 'हय' (हो), 'ना' (नाही) आणि 'तें... तें' (ते... ते) एवढंच येतं. घरात कोंकणी, वाचन सगळं मराठी, आणि भजन मात्र अख्खं म्हणतात. सराव कुठल्या भाषेत घ्यायचा आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं?

आधी भाषेचं. तोंडी सराव कोंकणीत, वाचायचा-लिहायचा सराव मराठीत. बहुतेकांच्या दोन्ही भाषा साधारण बरोबरीने परततात. कधी रोजच्या वापरातली पुढे जाते, कधी लहानपणची. आधी सांगता येत नाही. म्हणून भाषेची शिस्त लावू नका. ग्लास दाखवल्यावर 'उदक' आलं तर बरोबर, 'पाणी' आलं तरी बरोबर. खिडकीच्या चित्राला 'जनेल' म्हटलं तर पूर्ण गुण. 'आता मराठीत सांगा' म्हटलंत की हाती आलेला शब्दही निसटतो. स्पीच थेरपिस्ट (बोलण्याचे उपचार करणारा) गोव्याबाहेरचा असेल तर घरात बोलल्या जाणाऱ्या शब्दांची यादी पहिल्याच भेटीत द्या, नाहीतर चाचणीत बरोबर उत्तरं चुकीत जमा होतात.

'भजन म्हणतात मग बोलत का नाहीत, हट्ट करतात का?' हे प्रत्येक घरात विचारलं जातं. भजन, आरती, अंक, वार, शिव्या हे सगळं एकसंध पाठ झालेलं असतं. ते बाहेर पडायला शब्द शोधावा लागत नाही. 'मला चहा नको' म्हणायला तो शोधावा लागतो आणि जोडावाही लागतो, आणि बिघाड नेमका तिथेच झालेला असतो. स्ट्रोकनंतरच्या भाषेच्या या बिघाडाला अफेझिया म्हणतात. यात हट्ट नाही, आळसही नाही. बुद्धीही शाबूत असते, त्यामुळे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'यांना कळत नाही' असं बोलू नका.

सराव सुरू करण्याआधी त्यांचं हो-नाही खात्रीचं आहे का ते बघा. दहा प्रश्न काढा, पाच हो उत्तराचे, पाच नाही उत्तराचे, उलटसुलट क्रमाने. तोच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा: 'आपण फोंड्यात राहतो?' आणि काही वेळाने 'आपण मडगावात राहतो?' दहापैकी पाच बरोबर म्हणजे नुसता अंदाज. नऊ-दहा बरोबर असतील तरच त्यांच्या 'हय'वर विसंबून औषध, दुखणं, पैसे असे निर्णय घ्या. तोंडचं 'हय' आणि मानेची हालचाल जुळत नसेल तर कागदावर मोठ्या अक्षरात 'हो' आणि 'नाही' लिहा आणि बोट ठेवायला सांगा. कागद त्यांच्या डाव्या बाजूला किंवा समोर धरा. उजवा हात अधू आणि भाषा गेलेली, म्हणजे बहुधा स्ट्रोक डाव्या मेंदूचा; त्यात बऱ्याच जणांना उजव्या बाजूचं दिसत नाही, आणि उजवीकडे ठेवलेलं कार्ड 'कळलं नाही' म्हणून नोंदलं जातं.

आता मुख्य गोष्ट. शब्द परत आणायच्या थेरपीत सराव केलेला शब्द सुधारतो. शेजारचा, सराव न केलेला शब्द आपोआप सुधारेल याचा भरवसा नसतो. ब्रिटनमध्ये संगणकावर घरी शब्दांचा सराव देऊन मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सरावातले शब्द स्पष्ट सुधारले, पण संभाषणात फरक दिसला नाही. म्हणजे शब्द निवडणं हीच अर्धी थेरपी. बाजारातल्या तक्त्यांवरचे हत्ती, विमान आणि अननस सोडून द्या. बाबांचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा आणि त्यातून दहाच शब्द घ्या: 'च्या' (चहा), 'उंडो' (गोल पाव), 'नुस्तें' (मासे), 'वखद' (औषध), आईचं नाव, नातवाचं नाव, आणि चार शब्द मोठ्या कामाचे: 'पुरो' (पुरे), 'नाका' (नको), 'दुखता' (दुखतं), 'दी' (दे). नुसती नामं घेतलीत तर माणूस वस्तू ओळखतो, मागत मात्र नाही. चित्रंही त्यांच्याच घरची: त्यांचा कप, त्यांच्या गोळ्यांचा डबा, फोनवर काढलेले फोटो.

एक शब्द कसा घ्यायचा, ते 'उंडो' घेऊन सांगतो. समोरासमोर बसा, टीव्ही बंद, चष्मा लावलेला. फोटो दाखवा आणि मनात दहा आकडे मोजा. हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण घरचे दुसऱ्या सेकंदाला शब्द सांगून मोकळे होतात. नाही आला तर पहिला आधार अर्थाचा: 'सकाळीं पोदेर सायकलीर कितें हाडटा?' (सकाळी पाववाला सायकलवर काय आणतो?) तरी नाही, तर दुसरा, वाक्य अर्धवट सोडा: 'पोदेर हाडटा गरम-गरम...' तिसरा, लिहिलेला शब्द दाखवा. चौथा, पहिलं अक्षर: 'उं...', ओठांचा चंबू त्यांना दिसेल असा. पाचवा, दोघांनी एकत्र म्हणा, मग त्यांनी एकट्याने तीनदा. मिनिटभराने पुन्हा पहिल्यापासून. परत आला तर दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. अडला तर अंतर कमी करा.

वहीत 'आला / नाही आला' लिहू नका. कितव्या आधाराला आला तो आकडा लिहा. पंधरा दिवसांत पाचवरून दोनवर आलं तर ती खरी प्रगती, आधाराशिवाय शब्द अजून येत नसला तरी. हा आकडा थेरपिस्टलाही तुमच्या 'बरं आहे'पेक्षा जास्त उपयोगाचा.

आणि पोदेराचा भोंपू वाजला की फोटो बाजूला. दारात उभं राहून 'उंडो' तिथेच म्हणायचा. टेबलावर येणारा शब्द दारात आला नाही तर सराव अर्धाच झाला.

'तें... तें'सारखा एकच शब्द अडकून बसला की पुढे रेटू नका. रेटल्याने तो घट्ट होतो. फोटो उलटा ठेवा, पंधरा-वीस सेकंद गप्प राहा, वेगळंच काही करा, मग दुसऱ्या शब्दाकडे जा. ओठ-जीभ चाचपडतायत, प्रत्येक वेळी उच्चार वेगळाच चुकतोय, असं दिसलं तर त्यात उच्चाराची जुळवाजुळव बिघडल्याचाही भाग आहे. तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघून एकत्र म्हणणं जास्त चालतं.

बाबांना बऱ्यापैकी कळतंय आणि सूर शाबूत आहे, तर सुराची पद्धत नक्की करून बघा. 'उदक जाय' (पाणी हवं) दोन सुरांत, 'उ', 'दक', 'जाय' अशा तीन ठोक्यांत, त्यांचा डावा हात तुमच्या हाताने टेबलावर आपटत. आधी तुम्ही गुणगुणा, मग दोघं, मग मध्येच तुम्ही थांबा, मग ते एकटे, शेवटी 'कितें जाय?' (काय हवं?) विचारलं की उत्तर म्हणून. हळूहळू सूर काढून साध्या बोलण्यावर आणा. नुसतं भजन म्हणवून घेतल्याने हे होत नाही. भजन मनाला बरं वाटावं म्हणून जरूर म्हणा.

किती वेळ? वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर लगेच नको. थकवा आला की चुका वाढतात; तिथे थांबायचं. 'सहा महिन्यांनंतर काही होत नाही' हे ऐकू नका. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात हे खरं, पण जर्मनीतली २०१७ ची चाचणी सहा महिने किंवा अधिक जुन्या अफेझियावरच होती, आणि तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिल्यावर रोजचं बोलणं सुधारलं. आठवड्यातून एकदा अर्धा तास आणि घरी काही नाही, हे मात्र फार थोडं पडतं.

थेरपिस्ट शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची (RCI) नोंदणी बघा. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा अन्य कुठे दर वेळी जाणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर, अशी मागणी सरळ करा. गिळताना ठसका लागत असेल तर तेही थेरपिस्टलाच सांगा, ते त्यांचंच काम. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत अफेझियाचं नाव आहे, त्यामुळे दोष कायम राहिला तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. सगळे रिपोर्ट आतापासून एका फायलीत ठेवा.

खाणं सुटलं, झोप उडाली, सरावाला बसायलाच नकार, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर औषध आहे. आलेले शब्द एकदम गेले, तोंड वाकडं झालं किंवा आकडी (फिट) आली तर वाट न बघता १०८.

दहा शब्दांची यादी इथे टाका. कुठले ठेवायचे, कुठले बदलायचे ते सांगतो.