कौटुंबिक न्यायालयातली अंतरिम पोटगी आणि कायमस्वरूपी पोटगी यांत फरक काय?

अंतरिम पोटगी फक्त दावा चालू असेपर्यंत मिळते. कायमस्वरूपी पोटगी निकालाच्या वेळी किंवा नंतर अर्ज करून ठरते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये पहिलीसाठी कलम २४ आणि दुसरीसाठी कलम २५ आहे. दोन्ही पती किंवा पत्नी, कुणालाही मागता येतात. कलम २४ खाली दाव्याचा खर्चही मिळू शकतो, पण तो अर्जात वेगळा मागावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो.

खरी अडचण येते ती मालमत्ता व देणी यांच्या प्रतिज्ञापत्रात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालात ते दोन्ही पक्षांना बंधनकारक केलं. पगारपत्रक, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, कर्जाचे हप्ते हे सगळं त्यात खरं लिहा. उत्पन्न लपवलेलं उघड झालं तर पुढचा सगळा दावा कमकुवत होतो. अंतरिम रक्कम मंजूर झाली म्हणजे दावा जिंकला, असं मात्र समजू नका.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) पोटगी वेगळी, ती कोणत्याही धर्माच्या पत्नीला मागता येते. तिथे आधीच आदेश झाला असेल तर नव्या अर्जात तो सांगावाच लागतो. ती रक्कम विचारात घेऊनच पुढचा आकडा ठरतो.