फ्रान्सच्या खेड्यातल्या जुन्या दगडी घरी जुलैत भारतातून आठ पाहुणे येणार आहेत. घराची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की घर चार बेडरूमचं आहे, एरवी तिथे दोघंच असता. जुलैत तीन आठवड्यांसाठी दोन्हीकडचे आईवडील आणि बहिणीचं चौघांचं कुटुंब येणार, आणि गाद्या व खोल्यांची वाटणी कशी करावी असा प्रश्न आहे. गाद्यांचं जमेल हो. अशा घरात आधी कमी पडतं ते गरम पाणी, आणि वापरलेलं पाणी जिरायची जागा. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच देतो.

सेप्टिक टँकपासून सुरू करा. गावात गटाराची लाइन नसेल तर अंगणात कुठेतरी ‘फॉस तूत झो’, म्हणजे घरातलं सगळं सांडपाणी घेणारी सेप्टिक टाकी, पुरलेली असणार. घर घेताना मिळालेला ‘स्पांक’चा, म्हणजे अशा टाक्या तपासणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाचा, तपासणी अहवाल काढा. टाकी कुठे, किती मोठी, पाणी पुढे कुठे जातं, सगळं त्यात असतं. पाच मुख्य खोल्यांपर्यंत, म्हणजे चार बेडरूम आणि एक बैठकीची खोली, नियमाप्रमाणे निदान ३ घनमीटर टाकी लागते. पुढच्या प्रत्येक खोलीला १ घनमीटर जास्त. आता हिशेब करा. माणशी रोज १२० लिटर धरलं तर दोघांचे २४० लिटर, म्हणजे ३००० लिटरच्या टाकीत पाणी साधारण बारा दिवस थांबतं. दहा माणसांचे १२०० लिटर झाले की तेच पाणी अडीच दिवसांत बाहेर पडतं. गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. तो पाण्याबरोबर पुढच्या शोषचरांत, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या चरांत, जातो आणि तिथली माती बुजवतो. टाकी उपसून घेता येते, बुजलेले चर मात्र खणून नव्याने घालावे लागतात. खरा खर्च तिथे आहे.

गाळ मोजायला लांब काठीला जुनं पांढरं फडकं गुंडाळा, टाकीच्या तोंडातून सावकाश तळापर्यंत सोडा, दोन मिनिटं थांबा आणि सरळ वर काढा. काळा चिकट डाग जिथपर्यंत आला तितका गाळ. टाकीच्या उपयोगी आकारमानाचा निम्मा भाग गाळाने भरला की उपसा करायचाच, हा तिथला नियम. निम्म्याच्या जवळ असेल तर मे महिन्यातच प्रिफेक्चरची (जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाची) मान्यता असलेल्या माणसाला बोलवा आणि पावती जपून ठेवा, पुढच्या तपासणीत मागतात. उपसल्यावर टाकी लगेच साध्या पाण्याने भरा. रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, बाहेरच्या मातीच्या आणि भूजलाच्या दाबाने दबते किंवा वर उचलली जाते. टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी सच्छिद्र दगडांची जाळी असते, ती काढून होजने धुवा. अर्ध्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

पाहुणे असताना रोज वॉशिंग मशीनचा एकच लोड. रविवारी पाच लोड एकदम लावले की चरांवर लोंढा जातो. ब्लीच शक्यतो नको, त्याने टाकीतले जिवाणू मरतात. कढई घासण्याआधी तेल कागदाने पुसून कचऱ्यात. आपल्या स्वयंपाकातलं तेल थंड झालं की पाइपात थिजतं, आणि हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. ओले वाइप्स, पॅड, डायपर संडासात टाकायचे नाहीत, वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. प्रत्येक संडासात झाकणाचा छोटा डबा ठेवा. चर ज्या हिरवळीखाली आहेत तिथे चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. भाड्याची गाडी सावलीला म्हणून नेमकी तिथेच उभी केली जाते आणि खालचे पाइप चेपतात.

संडासातून गुडगुड आवाज येऊ लागला किंवा खालच्या मजल्यावरचं पाणी सावकाश उतरू लागलं, तर त्याच दिवशी कपडे धुणं थांबवा आणि जाळी बघा. नुसता वास येत असेल तर टाकीला दोष देण्याआधी न वापरलेल्या बेसिनमध्ये आणि शॉवरमध्ये तांब्याभर पाणी ओता. महिनोन्‌महिने न वापरलेल्या बाथरूममध्ये सायफनमधलं, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं, पाणी सुकतं आणि वास सरळ वर येतो.

गरम पाण्याचंही असंच. अशा घरांत बहुधा २०० लिटरचा विजेचा गिझर असतो आणि तो रात्रीच्या स्वस्त दराच्या तासांतच तापतो. ६०° ला तापवलेलं २०० लिटर पाणी १५° च्या नळाच्या पाण्यात मिसळलं की ४०° चं साधारण ३६० लिटर होतं. एका शॉवरला ४५ लिटर धरले तर आठवा माणूस शेवटचा. दोघं उरतात, भांडी राहतातच. म्हणून निम्म्यांनी सकाळी, निम्म्यांनी रात्री आंघोळ करायची आणि दुपारी गिझर हाताने चालू करायचा. फ्यूजच्या पेटीत त्याचा तीन स्थितींचा खटका असतो: आपोआप, ० आणि १. तो १ वर न्या. पुढचे स्वस्त तास सुरू झाले की तो स्वतःच ‘आपोआप’वर येतो. पूर्ण थंड टाकी तापायला सुमारे साडेदहा युनिट वीज लागते. २.२ किलोवॉटच्या गिझरला त्याला पावणेपाच तास, म्हणजे संध्याकाळी सातला हवं तर दोनला चालू करा. तापमान ६०° च्या खाली आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लीजिओनेला हा श्वासातून फुप्फुसात जाणारा जिवाणू वाढतो. न वापरलेल्या नळांत पाणी साठून राहतं म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक नळ गरम-थंड पाच-पाच मिनिटं सोडा. त्या वेळी खिडकी उघडी ठेवा आणि शॉवरच्या तोंडाशी उभे राहू नका. गिझरखालचा व्हॉल्व्ह तापताना ठिबकतो. पाणी फुगतं, त्याला वाट लागते, ती गळती नव्हे. कुणी तरी ती थांबवायला पाना घेऊन बसेल, त्याला आवरा.

बाथरूमबद्दल मात्र पाहुण्यांना पहिल्याच दिवशी, लाजेपोटी न टाळता, सांगा. फरशीला मोरी नाही. बादली-तांब्याने आंघोळ करायची सवय असलेला माणूस फरशीवर बसून पाणी ओततो आणि अर्ध्या तासाने खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग उमटतो. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असते, आतला ओलावा महिनाभर सुकत नाही. बाथटब असेल तर बादली टबमध्ये, छोटं स्टूलही टबमध्येच, खाली रबरी चटई. नुसता शॉवरचा उथळ ट्रे असेल तर पाणी सावकाश ओतायचं, कारण तिथला निचरा बादलीच्या वेगाचा नसतो. तसं बघितलं तर बादलीने आंघोळ केली की पंधरा-वीस लिटरांत काम होतं, टाकी आणि गिझर दोघांनाही सोयीचं.

संडासात जेट बसवायचा असेल तर आताच बसवा. दोन गोष्टी हव्यातच: पाणी उलटं मुख्य लाइनमध्ये जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि हाताशी येईल असा बंद करायचा कॉक. हा कॉक प्रत्येक वेळी बंद करायचा. बंद केला नाही तर नळी चोवीस तास पूर्ण दाबाखाली राहते आणि कधीतरी, बहुधा सगळे बाहेर गेलेले असताना, फुटते. ही शिस्त आठ माणसांकडून होणार नाही असं वाटत असेल तर जेटचा नाद सोडा आणि प्लास्टिकचा चोचीचा मग ठेवा. मी तेच सुचवेन.

विजेचं थोडक्यात. तुमची जोडणी ६ केव्हीएची (साधारण ६ किलोवॉटची) असेल तर ओव्हन, गिझर, वॉशिंग मशीन आणि किटली एकत्र चालली की साडेआठ किलोवॉटच्या वर जातं आणि लिंकी हा तिथला स्मार्ट मीटर वीज तोडतो. दोन उपकरणं बंद करा आणि मीटरवरचं अधिकचं (+) बटण दाबून धरा, वीज परत येते. मीटर कुठे आहे हे निदान दोघांना दाखवून ठेवा. भारतातले बारीक दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन गोल पिनांचे चालत नाहीत. शेगडी इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. बुडाला चुंबक चिकटला तरच कुकर सामानात घ्यायला सांगा. सिलिंडरची शेगडी असेल तर ब्युटेनचं सिलिंडर घरात चालतं, प्रोपेनचं बाहेरच ठेवायचं. रेग्युलेटरचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवलं की घट्ट होतं. रबरी नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर बदला.

उन्हाळ्याचं तंत्र आपल्या उलट आहे. जाड दगडी भिंती रात्रीचा गारवा दिवसभर धरतात, त्यामुळे दिवसा खिडक्या उघडल्या की घर तापतं. सकाळी नऊच्या आत दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्या आणि बाहेरची लाकडी दारं लावून टाका, रात्री बाहेर गार झालं की सगळं उघडा. ‘हवा खेळती राहू दे’ म्हणत कुणीतरी दुपारी उघडणारच, तेव्हा कारण आधीच सांगा. छपराखालची खोली सर्वांत तापते. तिथे वडीलधाऱ्यांना झोपवू नका, शिवाय तिथला जिना खडा असतो. जुलैच्या सुरुवातीला पश्चिम फ्रान्समध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मुलं झोपत नाहीत अशी तक्रार आली की खिडकीची बाहेरची दारं लावा.

कागदपत्रं वेळेत सुरू करा, नाहीतर वरचं सगळं फुकट. घरी उतरणार असल्याने पाहुण्यांना व्हिसासाठी ‘आतेस्तास्याँ दाक्योय’, म्हणजे ते तुमच्या घरी राहणार असल्याचा दाखला, लागतं. ते तुमच्या घराच्या गावच्या मेरीत (नगरपालिकेच्या कार्यालयात) तुम्ही स्वतः जाऊन मागायचं. ओळखपत्र, घराच्या मालकीचा कागद, अलीकडचं वीज किंवा पाण्याचं बिल, उत्पन्नाचा पुरावा आणि माणसांची सोय कशी केलीये त्याची माहिती न्या. ३० युरोचा ‘तँब्र फिस्काल’ (सरकारी शुल्काचं तिकीट) लागतो आणि अर्ज नाकारला तरी ते पैसे परत मिळत नाहीत. नवरा-बायको आणि त्यांची अल्पवयीन मुलं एकाच कागदावर येतात. म्हणजे तुमच्याकडे तीन कागद होतील: आईवडील, सासूसासरे, बहिणीचं कुटुंब. खेड्यातली मेरी पुष्कळदा आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते आणि निकालाला महिना लागू शकतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच जा. मूळ प्रत कुरिअरने पाठवा. व्हिसाच्या अर्जाला ती लागते, आणि विमानतळावरही विचारू शकतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, पंधरा दिवसांच्या आत मात्र चालत नाही.

बॅग भरताना घरी एक फोन करा. तूप, पेढे, बर्फी, पनीर, म्हणजे दुधाचं काहीही आणि मांसाचं काहीही युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून आणता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. ताज्या फळभाज्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यातून फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सुटले आहेत. मसाले, पापड, कोरड्या चटण्या खुशाल आणा. (शेवटच्या क्षणी हापूसची पेटी बांधली जाते, ती विमानतळावरच कचऱ्यात जाते.)

गाडी कुणी चालवणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन या. खरी भीती ‘प्रियोरिते आ द्र्वात’ची, म्हणजे उजवीकडच्याला प्राधान्य या नियमाची: खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो लहान गल्लीतून का येईना. खेड्यांत हे चौक भरपूर. हिऱ्याच्या आकाराची पिवळी पाटी दिसली तर आधी जायचा हक्क तुमचा, तीच काळ्या रेघेने कापलेली असेल तर तो हक्क संपला. माणूस नसलेल्या पेट्रोल पंपावर कार्ड लावलं की आधी मोठी रक्कम अडकवली जाते, म्हणून कमी शिल्लक असलेलं डेबिट कार्ड वापरू नका.

मुलं गवतात खेळली की संध्याकाळी गोचीड शोधा: काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. औषधाच्या दुकानात ‘तीर तीक’ नावाचा छोटा आकडा मिळतो. तो गोचिडीखाली सरकवून फिरवत काढायचा. तेल, काडी, चिमटीने दाबणं, यातलं काही नको, त्याने ती आतलं जास्त ओकते. ३ ते ३० दिवसांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागलं तर डॉक्टर, तेव्हा पाहुणे भारतात परतले असले तरी. पोहण्याचा जमिनीतला तलाव असेल तर २००३ च्या कायद्याप्रमाणे कुंपण, गजर, आच्छादन किंवा छप्पर यांपैकी एक तरी हवंच. लहान मुलं असताना गजरावर भिस्त ठेवू नका, तो मूल पाण्यात पडल्यावर वाजतो. कुलपाचं कुंपण हवं.

फ्रिजवर एक कागद लावा: १५ वैद्यकीय मदत, १८ अग्निशमन, ११२ सगळ्यांसाठी, ३२३७ वर रात्री आणि रविवारी उघडं असलेलं औषधाचं दुकान. खाली घराचे जीपीएस आकडे, कारण पुष्कळ वाड्यांवर घरांना नंबर नीट लागलेले नसतात. वस्तीचं नाव रोमनबरोबर देवनागरीतही, उच्चाराप्रमाणे लिहा. घरात आजी एकट्याच असल्या तरी त्यांना ते फोनवर वाचून सांगता येईल.