शिल्डिंगची पेटी सांध्याला तपासा

प्रश्न : मोटर-ड्राइव्हसाठी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) निकेल चढवलेल्या कार्बन तंतूंच्या प्लास्टिकची शिल्डिंगची, म्हणजे रेडिओलहरी अडवणारी, पेटी बनवून घेतली. मीटर लावला तर वीज वाहतच नाही. माल खोटा आला का? (वेर्णा)

उत्तर : एवढ्यावरून माल खोटा ठरवू नका. साच्यातून निघालेल्या पेटीवर नुसत्या प्लास्टिकची पातळ साय असते, तंतू तिच्याखाली. पॉलिशपेपरने दोन ठिकाणी नाण्याएवढी जागा घासा, करडी चमक दिसली की तिथं मीटर टेकवा. झाकण जिथं बसतं तिथली साय तर काढायलाच हवी, नाहीतर झाकण आणि पेटी विजेच्या दृष्टीने वेगळीच राहतात. झाकणाशी उरलेल्या फटीची रुंदी नव्हे, लांबी मोजा. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची; सहा सेंटीमीटरची फट केसाएवढी अरुंद असली तरी अँटेनासारखी वागते.

घासूनही मीटर गप्प राहिला, तर मोल्डिंगवाल्याला स्क्रूचा बॅक प्रेशर (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूवरचा उलटा दाब) विचारा. तो जास्त असला की तंतूंचा चुरा होतो, आणि आखूड तंतू एकमेकांना टेकत नाहीत. अशा वेळी महागडे तंतू आणखी ओतायला मी सांगणार नाही.

प्रश्न : शिल्डिंग 40 डेसिबलचं आणि 60 डेसिबलचं, यांत फरक किती? (म्हापसा)

उत्तर : 40 म्हणजे लहरीच्या शक्तीचा दहा हजारांतला एक भाग पलीकडे जातो, 60 म्हणजे दहा लाखांतला एक. पण हा आकडा बहुधा सपाट पत्र्यासारख्या नमुन्याचा असतो. पुरवठादाराकडे झाकण लावलेल्या पेटीची चाचणी मागा.

प्रश्न : फायबरच्या होडीत इन्व्हर्टर बसवल्यापासून होडीच्या रेडिओच्या चॅनल 16 वर खरखर येते. केबिनला आतून निकेलचं कापड लावू का? (मालीम)

उत्तर : केबिनला नको. इन्व्हर्टर बंद करून आधी ऐका. खरखर थांबली तर चोर तोच. ग्लास फायबर रेडिओलहरी अडवत नाही, त्यामुळे ती थेट अँटेनापर्यंत पोचते. बॅटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्या, इन्व्हर्टरजवळ त्यांवर फेराइट (खरखर शोषणारं चुंबकी कडं) चढवा. एवढ्याने भागलं नाही तरच इन्व्हर्टरला शिल्डची पेटी करा. पेटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर मात्र कसू नका: खारी हवा लागली की निकेल-कार्बनशेजारचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते आणि सांधा सुटतो. संकटात हाक मारायचा चॅनल तो, तेव्हा हे काम पुढच्या फेरीवर ढकलू नका.