टॉर्चच्या १८६५० सेलची निगा

आपण पहिलाच टॉर्च घेतला आहे, म्हणून आधी सेलविषयी लिहितो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, पुन्हा चार्ज करता येणारा लिथियम-आयन सेल. त्याच्या वेष्टनावर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचे माप) असे छापलेले असेल, तर तो बिनदिक्कत परत करावा, कारण या आकाराच्या बहुतेक सेलची क्षमता साधारण ३६०० एमएएचपेक्षा अधिक नसते.

चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा असावा. चार्जिंग चालू असताना सेल किंचित कोमट होणे स्वाभाविक आहे. मात्र हाताला चटका बसू लागला, तर तो काढून पुन्हा वापरू नये. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपण्याची सवय मलाही होती, ती मी सोडली.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वेष्टनाकडे. सेलचे संपूर्ण धातूचे अंग ऋण टोकाशी जोडलेले असते आणि वरच्या धन टोकाभोवती केवळ एक पातळ कडे त्याला वेगळे ठेवते. त्यामुळे तेथील प्लास्टिक फाटले असताना सेल किल्ल्या किंवा सुट्या नाण्यांसोबत खिशात ठेवल्यास शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा.

पावसाळ्यानंतर ट्रेक बंद असतील, तर सेल टॉर्चमधून काढून, निम्मा चार्ज ठेवून, थंड व कोरड्या जागी ठेवावा. पूर्ण रिकामा ठेवलेला सेल बहुधा पुन्हा उभा राहत नाही.