करमणूक सोडली, तर जुन्या समाजांना संगीताचा प्रत्यक्ष उपयोग काय होता?

जगभराच्या इतिहासात शिरण्यापेक्षा आळंदीहून पंढरपूरला जाणारी एखादी दिंडी नीट पाहा. माणसांना एकत्र चालवण्याचं साधन म्हणून संगीत कसं वापरलं जातं, ते तिथे स्पष्ट दिसतं.

पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे वीणेकरी, त्यामागे तुळस घेतलेल्या बाया. म्हणणारा एक चरण घेतो, टाळकरी तोच उचलतात. तेवढ्यात त्याचा दम परत येतो, म्हणून मैलोन्‌मैल गाता येतं. लय मात्र पावलाला धरून हवी. हौसेनं द्रुत केली की मागची रांग तुटते आणि पळत गाठावं लागतं.

साऱ्या पालखीला एकच भजन का नाही? आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे किलोमीटरभर मागच्याला ठोका जवळजवळ तीन सेकंद उशिरा पोचणार! म्हणून प्रत्येक दिंडीचा मृदंग, वीणा आणि टाळ स्वतंत्र. दिंडी आटोपशीर असली तरच ठेका टिकतो.

टाळ सपाट तोंडावर तोंड आपटला की मध्ये हवा कोंडून आवाज बसतो. कडेवर कड, किंचित तिरकी लागली पाहिजे. आषाढाच्या दमट हवेत मृदंगाचं चामडं सैल पडून स्वर उतरतो, मग वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवावा लागतो. डाव्या पुडीला लावलेली कणीक वाळली की घुमारा जातो.

पण खरी गंमत मुक्कामाला सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या समाजआरतीला. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतो आणि हजारो टाळ गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकलं जातं, मगच ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती. अर्ज नाही, आरडाओरडा नाही. एकोणिसाव्या शतकात हा सोहळा बांधणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ही शिस्त पाहिली की ते पटतं. एवढ्या गर्दीत तक्रार कुणाची, हे शोधायला याहून सोपी युक्ती मला तरी ठाऊक नाही. मात्र ती चालते ती बाकीचे सगळे खरोखर गप्प बसतात म्हणून.